काळजीनं गाठ होते का, बाई?

बायकांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत, आवरावे लागतात. बाकावर चार बायका नंबर लावून बसल्या की डॉक्टर यायच्या आत चौघींची घरं उघडी! मी धाराशिवला अकरा वर्षं नर्स होते. कागदावर उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. निजामाचं राज्य जाऊन बारा-तेरा वर्षं झालेली, महाराष्ट्र नवा नवा झालेला, आणि आमच्या कपाटात जुने उर्दू फॉर्म अजून गठ्ठ्यानं पडलेले. त्यांच्या पाठीवर आम्ही केसपेपर लिहायचो.

आम्ही तिघी होतो. पुण्याकडून बदलून आलेल्या डॉक्टरीणबाई, मी, आणि हसीनाबी नावाची आया. हसीनाबी कुणालाच घाबरत नसे. डॉक्टरीणबाईंना तर मुळीच नाही.

एकदा बाईंनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं, की मनावर फार ताण असलेल्या बाईला छातीत कॅन्सरची गाठ होत असेल का, असा प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांना पडलाय. झालं! दुसऱ्या दिवशी एक जाड वही आली. रकाने आखले. नाव, गाव, वय, गाठ आहे की नाही, आणि शेवटचा रकाना 'मनाचा ताण'. येईल त्या बाईला विचारायचंच!

*

पहिलीच बाई भूमकडची, एस्टीनं आलेली. घामानं डबडबलेली.

"मनावर ताण आहे का?" बाईंनी विचारलं.

"व्हय बाई, लई तान हाय."

"कधीपासून?"

"एस्टीत बसल्याधरनं."

"नेहमी होतो?"

"उन्हाळ्यात लई. हिवाळ्यात एवढी न्हाय."

बाई भराभर लिहीत होत्या. मी तोंडाला पदर लावून उभी. तेवढ्यात हसीनाबी तांब्या घेऊन आत घुसली. "अजी, वो पानी मांगरी! लिखते क्या बैठे?"

आमच्याकडं तान म्हणजे तहान! बाईंनी ओळ खोडली. पण बाहेर बातमी पोचली, की आत ताण सांगितला की गार पाणी मिळतं. त्या दिवशी झाडून सगळ्या बायकांना ताण निघाला. दुपारी रांजण कोरडा!

*

मग मी सुचवलं, "बाई, ताण नका म्हणू. जिवाला घोर आहे का, असं विचारा." बाईंना शब्द पटला. पण शब्द एकच नडत नव्हता.

एका म्हातारीला त्यांनी विचारलं, "आजी, गाठ कुठं आहे?"

आजीनं चोळीच्या पुढच्या गाठीवर बोट ठेवलं. "ही काय."

"ही नाही हो, आतली."

"आत कशापायी बांधीन? येकच बांधतो आमी."

बाईंनी दमानं घेतलं. "बरं, ती गाठ सोडा. मला तपासायचंय."

आजी चकित. "सोडल्यावर तपासायला ऱ्हाईल काय?"

*

'घोर' हा शब्द मात्र मी सुचवायला नको होता. ताण विचारला तर बायका पाणी तरी मागत होत्या. घोर विचारला की ठाण मांडायच्या! धाकटा दीर वाटणी मागतोय इथून सुरुवात, तिथून नणंदेचं लग्न, तिथून म्हैस आटली. एकीनं तर नवऱ्याबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबून म्हणाली, "बाई, उरलेलं पुढल्या बाजारी सांगते. एस्टी सुटंल."

आली की पुढच्या बाजारी! गाठ नव्हतीच तिला. म्हणाली, "तुमी इचारलंव, तवा बरं वाटलं. आमच्यात कुनी इचारत न्हाय."

बाईंनी एकदा गमतीनं हसीनाबीलाच विचारलं, "तुला कसला घोर गं?"

"मेरे कू?" हसीनाबी झाडू टेकवून म्हणाली. "मेरे कू ये वही का घोर है!"

*

आमच्या गावात कचेरीत एक कारकून होते. भला माणूस, पण वाचायची सवय. आमच्या वहीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि काळजीनं कॅन्सर होतो असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. घरी जाऊन बायकोला ताकीद दिली, "आजपासून काळजी करायची नाही!" रोज कचेरीतून आले की चप्पल काढायच्या आत चौकशी. "आज काळजी केलीस का? खरं सांग!"

महिन्याभरात ती माउली आमच्याकडं. डोळे खोल गेलेले. "बाई, आधी मला पाच लेकरांचीच काळजी होती. आता आपण काळजी तर करत नाही ना, याची काळजी लागलीय!"

बाईंनी तपासलं. काही नव्हतं. मग बाहेर बसलेल्या नवऱ्याला बोलावून हातात चिठ्ठी दिली. "हे औषध महिनाभर चालू ठेवा."

ते चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीवर बसणाऱ्या कंपाउंडरकडं गेले. कंपाउंडरनं चष्मा लावून वाचलं : 'आडाचं पाणी, सकाळी चार घागरी, संध्याकाळी दोन. नवऱ्यानं आणणे.' त्यानं गंभीरपणे मागच्या फळीवरच्या बाटल्या बघितल्या आणि चिठ्ठी परत केली.

"साहेब, हे औषध सरकारी दवाखान्यात येत नाही. घरीच तयार करावं लागतं!"

*

वही बंद पडली ती तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांमुळं. त्यांनी सगळी रजिस्टरं बघितली आणि हीही उघडली. शेवटचा रकाना वाचू लागले. "नवरा... सासू... नवरा... म्हैस... नवरा... नवरा..." त्यांनी मान वर केली. "डॉक्टर, ही साथ कुठवर पसरलीय?"

"सर, घरोघर!"

साहेब हसले. पण जाताना एक बोलून गेले. "गाठ असलेल्यांचाही रकाना भरलाय आणि नुसता खोकला असलेल्यांचाही भरलाय. मग यातून काढणार काय?"

बाई बराच वेळ वही उलटून पालटून बघत बसल्या. खरंच, रिकामा रकाना एकीचाही नव्हता.

*

आता सांगते तो किस्सा नव्हे, पण ते सांगितल्याशिवाय शेवटचा किस्सा सांगता येत नाही. कळंबकडची एक बाई आली, माझ्याच वयाची. वर्षभर गाठ पदराखाली झाकलेली. पोराच्या परीक्षा होत्या, मग दिराचं लग्न होतं, घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून बोलली नाही. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवली. ती काही घरी परतली नाही.

त्या दिवशी मी बाईंना विचारलं, "काळजीनं गाठ होते का हो, बाई?"

"होते की नाही, मला अजून माहीत नाही," बाई म्हणाल्या. "काळजीपायी ती झाकून ठेवतात, एवढं मात्र डोळ्यानं बघितलं." आणि त्यांनी ठरवलं, की आता गावोगाव जायचं.

*

आता गोदाबाईंचं ऐका.

परंड्याजवळच्या खेड्यातल्या ह्या गोदाबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. सून शेवंता, अंगावर पिणारं लेकरू. दूध साकळून गाठ झालेली. वही बंद झाली तरी बाईंची सवय गेली नव्हती. त्यांनी शेवंताला विचारलं, "जिवाला काही घोर?"

उत्तर सासूनं दिलं. "तिला कशाचा घोर? घोर मला हाय, हिचा!"

"मग आधी तुम्ही या टेबलावर!"

गोदाबाई तोऱ्यात चढल्या. तपासता तपासता बाईंचा हात थांबला. मी बाईंचं तोंड बघितलं आणि मला कळलं.

"ही कधीपासून?"

गोदाबाईंनी चोळी ओढून घेतली. मग सुनेकडं बोट. "ही घरात आली तवाधरनं! हिच्याच घोरानं झाली!"

शेवंता रडायला लागली. बाई ताडकन म्हणाल्या, "सुनेमुळं गाठी झाल्या असत्या, तर या जिल्ह्यात एक सासू जिवंत राहिली नसती! गप सोलापूरला जायचं!"

गेल्या. सोबत कोण? शेवंताच, लेकरू काखोटीला मारून. ऑपरेशन झालं, एक बाजू काढली. गोदाबाई परत आल्या. त्या बाजूचा हात मात्र कितीतरी दिवस खांद्याच्या वर जाईना.

पुढच्या वर्षी सोनारीला बाईंनी बायकांची सभा घेतली, काळभैरवाच्या देवळाशेजारी शाळेच्या खोलीत. दीडशे तरी बायका असतील. बाई तासभर बोलल्या. गाठ कशी असते, घरी हातानं कशी बघायची. बायका पदरात तोंड खुपसून खुसखुसतायत. "कुणाला तपासून घ्यायचंय?" विचारल्यावर एकही हात वर नाही. पुढं बसलेल्या पाटलीणबाई म्हणाल्या, "आमच्या गावात तसलं काय न्हाय, डाक्टरीणबाई."

गोदाबाई सुनेबरोबर मागं बसल्या होत्या. त्या उठल्या, बायकांतून वाट काढत पुढं आल्या, चोळीत हात घातला आणि कापडाचा एक गोळा काढून पाटलीणबाईंच्या ओंजळीत ठेवला!

मागच्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

"राळ्याचं दानं भरल्यात आत," गोदाबाई म्हणाल्या. "कापूस हलका पडत हुता. येवढंच गेलं माजं. बाकी म्या समदी हितंच हाय."

पाटलीणबाईंनी गोळा चाचपला. शेजारणीनं हात पुढं केला. गोळा हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आला. गोदाबाईंनी तो तळहातावर तोलला. "राळं कमी झाल्यागत वाटतंय. कुनी घरी न्यायला काढलं का गं?"

हशा उसळला. हसीनाबीनं तर भिंत धरली.

पाटलीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी खाली बघत हळूच विचारलं, "लई दुखलं का गं?"

"कापलेलं न्हाय दुखलं," गोदाबाई म्हणाल्या. "पर हात वर जाईना, म्हून दोन म्हैनं ह्या शेवंतानं माजी येनी घातली. रोज! ते लई दुखलं."

पाटलीणबाई उठल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "चला. पर दार लावा."