खांबामागचा बोर्ड

परळच्या एका हॉस्पिटलात मी केसपेपरच्या खिडकीवर कॉन्ट्रॅक्टवर होते. सोमवारच्या मीटिंगला पर्मनंट माणसं बसायची आणि आम्ही कॉन्ट्रॅक्टवाल्या भिंतीला टेकून उभ्या. माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

नव्या अधीक्षक मॅडमनी पहिल्याच सोमवारी आमच्यासाठीही खुर्च्या मागवल्या. मी बसले आणि तोंडून निघूनच गेलं, "मॅडम, रांगेचा बोर्ड खांबाआड लपतो. बाहेरगावचे पेशंट रोज तासभर चुकीच्या रांगेत उभे राहतात."

दुपारपर्यंत बोर्ड पुढे आला.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"तीन वर्षं."

मला खुर्ची नाही, तर मी तरी का सांगू, असा माझा हिशेब होता. राग साहेबलोकांवर होता, पण त्यापायी तीन वर्षं ताटकळले ते पेशंट.