घासलेली घोडी

"तंबोरा या दोन पोरांनी बिघडवला, एवढं एका ओळीत लिहून द्या," सेक्रेटरी म्हणाले. माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून. मी अजून तंबोऱ्याची गवसणीही काढली नव्हती. माझं डोकं तिथंच फिरलं.

जुन्या जालन्यात स्टेशनजवळ माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. सेक्रेटरी नवीन जालन्यातले कापडाचे व्यापारी, आणि गायनाच्या क्लासची कमिटी म्हणजे तेच. क्लासची पोरं गुरुवारी तास संपल्यावर थांबत आणि आपापल्या आवडीचं एकमेकांना ऐकवत. कमला आईकडून शिकलेली मारवाडी मांड गायची, रशीद कव्वाली. मग ती त्याचं उचलायची, तो तिचं. सेक्रेटरींना हे बिलकुल खपत नव्हतं. आता तंबोरा बोलेना, त्यांना निमित्त मिळालं. माझी चिठ्ठी हातात आली की दोघांचे परीक्षेचे फॉर्म ते रोखणार होते.

मी गवसणी काढली, तार छेडली. आवाज ठोकळ्यासारखा, गुंजन नाहीच. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिला केसाएवढा उतार असतो, त्यालाच जवारी म्हणायचं. तंबोऱ्याचा गोडवा सगळा तिथं. वापरून वापरून घोडीवर तारांच्या काळ्या रेघा पडतात. या घोडीवर एकही रेघ नव्हती. तारा सैल करून पाहिलं, तर खाली हाडाचा पांढरा भुगा.

"पॉलिशपेपर कुणी मारला?"

"मीच मारायला लावला. समारंभाला पाहुणे आल्ते. काळ्या रेघा लई घाण दिसून राहिल्या होत्या."

पोरांनी तारा कशाही लावल्या तरी फार तर तार तुटते, घोडी घासली जात नाही, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. तेवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी शांतपणे केली.

"बराबर आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही पोरांचंच लिहा. क्लासचं काम तुमच्याकडंच येतं ना?"

मला इतका संताप आला की हातातली कानस मी खाली ठेवून दिली.

दोन दिवस बसून जवारी काढली. तंबोरा स्वतः क्लासात नेला आणि चिठ्ठी गुरुजींच्या हातात दिली. पॉलिशपेपर, भुगा, कुणी मारायला लावला, सगळं लिहिलं होतं. गुरुजींनी ती वाचली आणि घडी घालून खिशात टाकायला लागले. त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं. त्यांचा राग मला सेक्रेटरींपेक्षा जास्त आला.

"गुरुजी, मोठ्यानं वाचा," मी म्हणालो. "न्हाईतर मी वाचतो."

त्यांनी वाचली. सगळ्या वर्गासमोर वाचली. त्यावर सेक्रेटरींना काही करता आलं नाही. दोघांचे फॉर्म गेले, दोघं पास झाले.

क्लासातलं गुरुवारचं गाणं मात्र नोटीस लावून बंद केलं. कमिटीचं कामही माझ्याकडे पुन्हा आलं नाही. गुरुवारी पोरं माझ्या दुकानात बसायला लागली.

घोडीवरच्या रेघा म्हणजे घाण नव्हे. हे मी पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो. गिऱ्हाईक कुठल्या कमिटीचा सेक्रेटरी असेल, तर दोनदा.