वरचा थर

माझ्या बायकोचं नर्सिंगचं सर्टिफिकेट एकदा नारायणगावच्या बाजारात टोमॅटो म्हणून विकलं जाता जाता राहिलं. चूक कुणाची होती यावर आमच्या घरात कधीही वाद झालेला नाही. माझीच होती.

रत्ना, म्हणजे माझी बायको, अकरा वर्षं कंत्राटावर नर्स होती. दर वर्षी तिची नेमणूक संपायची आणि दर वर्षी आम्ही दोघं पोस्टमनकडे आशेनं बघायचो. शेवटी एकदाची कायम नोकरीची ऑर्डर आली, मंचरच्या सरकारी दवाखान्यात. ऑर्डर वाचून ती रडली. रडता रडता तिला दिसलं की मी राखत असलेलं दूध उतू गेलंय, मग ती माझ्यावर ओरडली. एकंदरीत आनंदाचा दिवस होता.

ऑर्डरमध्ये लिहिलं होतं की सोमवारी पाचच्या आत, मूळ प्रमाणपत्रांसह, समक्ष हजर व्हावं. सोमवारऐवजी मंगळवार चालणार नव्हता. भाड्याचा फ्लॅट त्याच दिवशी सोडायचा असं ठरलं (मीच ठरवलं, एकाच फेरीत दोन्ही कामं होतात, असं माझं गणित होतं. मी शाळेत गणितच शिकवतो).

"सामान बांधायचं माझ्यावर सोड," मी जाहीर केलं.

"मी किराणावाल्याला खोकी सांगितलीत," रत्ना म्हणाली.

"खोकी? आठ वर्षं नारायणगावात राहून खोकी?"

आमचे घरमालक पोपटभाऊ खालच्या मजल्यावर राहायचे. त्यांचा टोमॅटोचा मळा होता आणि पार्किंगमध्ये रिकाम्या प्लॅस्टिकच्या कॅरेटांची चळत छताला टेकलेली असायची. सगळी निळी, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात 'पो'. मी मागायचा अवकाश, पोपटभाऊ म्हणाले, "न्या की सर. तशीबी पडूनच हायत."

मी बावीस कॅरेटं वर आणली आणि शास्त्रशुद्ध कामाला लागलो. प्रत्येकावर खडूनं नंबर घातला. कुठल्या नंबरात काय आहे ते एका वहीत लिहिलं. ती वही सतरा नंबरच्या कॅरेटमध्ये ठेवली. वही सतरामध्ये आहे, हे अर्थातच वहीत लिहून ठेवलं होतं.

रत्नाची एकच मागणी होती. "माझी फाईल तेवढी पिशवीत ठेवा. ती माझ्या हातात राहील."

"पिशवी माणूस कुठंही विसरतो," मी म्हणालो. "कॅरेट विसरता येत नाही."

आणि फाईल कॅरेटमध्ये गेली. तिनं तेव्हाच फाईल हिसकावून घ्यायला हवी होती, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे.

सोमवारी सकाळी पोपटभाऊंच्या बायको, मंदावहिनी, पाटीभर टोमॅटो घेऊन वर आल्या. रत्नाची रात्रपाळी असली की माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट या बाईच्या घरून यायचं. "रिकाम्या हातानं कुणी घर सोडतं व्हय?" म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. रत्नाही डोळे पुसायला लागली. घरात दोन बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी पाटीकडे बघून विचार करत होतो की हे टोमॅटो न चेंबता मंचरला न्यायचे कसे.

तीन कॅरेटं वरून चार बोटं रिकामी राहिली होती. मी तिन्हीत वरून टोमॅटोचा थर लावला. देठ खाली, लाल बाजू वर, एकेक टोमॅटो ओळीत. आठ वर्षं गॅलरीतून पोपटभाऊंना माल भरताना बघितलं होतं, ते असं वाया थोडंच जाणार!

"अगदी शेतकऱ्यानं भरल्यासारखं वाटतंय," रत्ना म्हणाली. मला ती शाबासकी वाटली.

टोमॅटो नाजूक, म्हणून तीच कॅरेटं आधी खाली नेली. अंगणात ऊन होतं, म्हणून पार्किंगमध्ये सावलीला ठेवली. सावलीत पोपटभाऊंची भरलेली कॅरेटं होती, म्हणून त्यांच्याच रांगेत नीट लावली. मग वर येऊन चहा प्यालो.

चहा पिऊन आम्ही खाली आलो तर पार्किंग मोकळं. रांग नाही, पोपटभाऊंची पिकअप नाही, काही नाही.

"फाईल कुठंय?" रत्नानं विचारलं.

"टोमॅटोवाल्या कॅरेटमध्ये."

"आणि कॅरेट?"

मंदावहिनी अंगण झाडत होत्या. "हे तर कवाच बाजारात गेलं. सांगत व्हतं, आज तीन कॅरेटं जास्त भरलीत, प्लॉटनं बरं दिलं. एक लई जड व्हतं म्हणं."

(जडमध्ये रत्नाचा पाटा-वरवंटा होता.)

मी पोपटभाऊंना फोन लावला. तो त्यांच्या स्वयंपाकघरात वाजला. चार्जिंगला होता.

रत्ना पायरीवर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अकरा वर्षं, हो." तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, त्याची सवय आहे. पण तेवढंच ऐकून मला स्वतःची खरोखर लाज वाटली. मी मुकाट्यानं स्कूटर काढली. एरवी मागे बसून "हळू, हळू" म्हणणारी रत्ना बाजार येईपर्यंत एकदाही हळू म्हणाली नाही.

बाजारात पिकअपच्या रांगा लागल्या होत्या. एके ठिकाणी मात्र गर्दी जास्त होती, आणि तिथून पोपटभाऊंचा आवाज येत होता.

तुम्हाला सांगायला हवं की टोमॅटोच्या बाजारात एक लबाडी चालते. वर निवडक माल लावायचा आणि खाली हलका दडवायचा. म्हणून मुरलेला व्यापारी वरचा थर बघून भुलत नाही, कॅरेट उलटं ओतून बघतो. सलीमभाई तसेच मुरलेले होते. पोपटभाऊंनी मात्र अशी लबाडी जन्मात केली नव्हती, आणि आज त्यांच्या कॅरेटमधून सलीमभाईंच्या पायाशी माझी सहा बनियनं पडली होती.

"पोपटभाऊ," सलीमभाई एक बनियन दोन बोटांत धरून शांतपणे विचारत होते, "व्हरायटी कंची म्हणायची ही?"

"आईशप्पथ सलीमभाई, आपल्या मळ्यात हे पिकत न्हाई," पोपटभाऊंचा चेहरा मालापेक्षा लाल झाला होता.

"मघाच्या कॅरेटात तर दगड निघाला. वजनासाठी आता पाटा घालायला लागले का?"

तिसरं कॅरेट उलटं करायला त्यांनी हात घातला, तेवढ्यात रत्ना गर्दीतून घुसली. "भाऊ, ओतू नका. माझी नोकरी आहे त्यात."

सलीमभाई थांबले. त्यांनी कॅरेट खाली ठेवलं आणि टोमॅटो एकेक करून हातानं बाजूला काढले. खाली रत्नाची पांढरी साडी होती. साडीत आमच्या घरातली बुद्धाची मूर्ती होती. ती दिसताच त्यांनी हात सदऱ्याला पुसले, मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि आपल्या टेबलावर वह्या सारून नीट ठेवली. मग फाईल काढून रत्नाच्या हातात दिली. तिनं भर बाजारात उभ्या उभ्या एकेक सर्टिफिकेट बघितलं. एकावरही डाग नव्हता. मग मात्र ती सलीमभाईंच्या खुर्चीत बसून पोटभर रडली.

पोपटभाऊ माझ्याजवळ आले. "सर, तुमच्यापायी माझी तीस वर्षांची इज्जत गेली व्हती."

"चूक झाली, भाऊ," मी म्हणालो.

"पण वहिनी," सलीमभाई म्हणाले, "भरणारा गडी लई तयारीचा हाय. वरचा थर बघून मी न ओतताच घेणार व्हतो."

रत्नानं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, मी तसंच घेतलं. सोळा वर्षं झाली."

सगळा बाजार हसला. पोपटभाऊ सगळ्यात मोठ्यानं हसले, आणि त्यांची इज्जत तिथल्या तिथे परत आली. माझी तिथेच राहिली.

रत्ना त्या दिवशी तीन वाजता हजर झाली. फाईल सबंध रस्ताभर तिच्या मांडीवर होती आणि मला त्या फाईलला हात लावायची मनाई होती, ती अजून आहे. पोपटभाऊंचा फोन अधूनमधून येतो. ते सांगतात की आजही त्यांचा माल आला की सलीमभाई कॅरेटवर हात ठेवून आधी विचारतात, "भाऊ, खाली सर न्हाईत ना?"