पुढच्या गाडीत

जेचॉनच्या बस डेपोत योम ग्वांगशिकला सगळे 'बॅटरी' म्हणत. पहाटे बस ताब्यात घेताना तो हातात बॅटरी घेऊन गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घालायचा, आणि एखादा नवा ओरखडा दिसला की आदल्या पाळीच्या ड्रायव्हरला अंथरुणातून उठवायलाही कमी करायचा नाही. घरीही तीच तऱ्हा. झाकणावर केसाएवढी रेघ होती म्हणून त्याने भाताचा नवा कुकर परत केला होता. बाजारात तो कलिंगडांपाशी आला की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. त्याची बायको सुनदोक अशा वेळी जरा लांब उभी राहून, हा माणूस आपला कुणी नाही असं दाखवायची.

"मला बघायला आले तेव्हा बॅटरी घरी विसरले होते," ती शेजारणींना सांगायची. "म्हणून मी खपले."

सुनदोक मुखोची. समुद्राकाठची पोर लग्न होऊन या डोंगरातल्या गावात आली आणि अडकलीच. निवृत्त झालो की स्वतःची नवी गाडी घेईन आणि तुला त्यात बसवून मुखोला नेईन, असं ग्वांगशिक दर वर्षी म्हणायचा. जन्मभर त्याने परक्या माणसांना इकडून तिकडे नेलं, पण दारात स्वतःची गाडी कधी आली नाही. निवृत्त झाला तरी गाडी पुढेच ढकलली गेली. आधी मुलीचं, हेरानचं लग्न झालं, मग तिचं बाळंतपण. सुनदोक मुखोतल्या धाकट्या बहिणीला फोनवर दर वर्षी सांगायची, यंदा नक्की.

त्या उन्हाळ्यात तिचं पोट दुखू लागलं. डॉक्टरांनी तपासण्या करून ग्वांगशिकला आणि हेरानला तेवढं आत बोलावलं. थंडीच्या तोंडाला वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं लोणचं, घालायचे दिवस येतील तोवर ती असेल की नाही, सांगता येत नाही, म्हणाले. त्या पिढीच्या माणसांत रोग्याला असलं काही सांगत नाहीत. घरच्यांनी गिळायचं आणि रोग्याला पित्त झालंय म्हणायचं, ही तिथली माया. माझ्या मते या मायेने जेवढी माणसं एकटी मेली तेवढी दुष्टाव्याने मेली नसतील. पण ग्वांगशिकला दुसरी माया माहीत नव्हती. बाहेर येऊन तो सुनदोकला म्हणाला, "जुनं पित्त आहे. तिखट बंद." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नवी गाडी नोंदवून आला.

हेरान म्हणाली, "बाबा, माझी गाडी आहे की. या रविवारीच आईला मुखोला नेऊ."

"अशी घाईघाईने नेली तर ती ओळखणार नाही का? तुझी आई काय खुळी आहे?"

गाडी आली तेव्हा उन्हाळा सरून झाडांवर पर्सिमनची फळं पिकली होती. इमारतीखाली ट्रकवरून ती पांढरी गाडी उतरली. सुनदोक स्वेटरवर शाल घेऊन, हेरानचा हात धरून खाली आली. तिच्या दुसऱ्या हातात पिशवी होती. पिशवीत तांदळाच्या दारूची बाटली, रिवाजाप्रमाणे नव्या गाडीच्या चारी चाकांवर ओतायला, आणि गाडी राखणारा सुकवलेला मासा. माशाला पांढरा दोरा तिने स्वतः गुंडाळला होता. हात थरथरत असल्यामुळे दोरा कुठे सैल, कुठे घट्ट बसला होता.

ग्वांगशिकने बॅटरी काढली, सवयीने. डावी बाजू झाली, मागची झाली. उजव्या बाजूला आला आणि थांबला. पुढच्या दाराला, तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं म्हणजे सुनदोक बसणार होती तिथेच, तळहाताएवढा पोचा आला होता. रंगही खरवडला होता.

शोरूमचा पांग आधीच पडेल चेहरा करून उभा होता. "काका, ट्रकवर साखळी निसटली वाटतं. दार बदलून देतो, संध्याकाळपर्यंत. वर काचांना काळी फिल्म आमच्याकडून. नको असेल तर परत पाठवा, तो तुमचा हक्कच आहे. पण मग नवी गाडी नव्या वर्षानंतरच."

"नव्या वर्षानंतर," ग्वांगशिक म्हणाला.

"सही होईपर्यंत आणि सीटवरचं प्लास्टिक निघेपर्यंत गाडी कंपनीची. प्लास्टिक काढलं की तुमची."

नव्या वर्षानंतर सुनदोक नसणार, हे त्याला माहीत होतं. दाराला पोचा असेना का, गाडीला दारच नसतं तरी त्याला चाललं असतं. उद्या सकाळी निघालो तर दुपारी मुखोत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने पांगकडून कागद घेतला, बॉनेटवर ठेवला, पेन उघडलं.

"काय हो, हेरानचे बाबा," सुनदोक मागून म्हणाली. "पोचा आलेली गाडी घेताय? तुम्ही?"

त्याचा हात जागच्या जागी थिजला. ज्याने रेघेपायी कुकर परत केला, तो बॅटरी असला पोचा, दार बदलून का होईना, पोटात घालतोय, म्हणजे त्याला थांबायला वेळ नाही. आणि त्याला वेळ नाही, म्हणजे कुणाला नाही? हे कोडं सोडवायला सुनदोकला किती वेळ लागला असता? त्याने मागे वळून पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, अगदी शांतपणे.

"कोण घेतंय?" तो म्हणाला. आवाज जरा चढलाच. "परत पाठवतोय म्हणून लिहीत होतो. मी काय पोचे आलेली गाडी घेणारा माणूस आहे?"

हेरानने तोंड फिरवलं. सुनदोकने वाकून काचेतून आत पाहिलं. मग म्हणाली, "बरं केलंत. आता खाली आलेच आहे, तर मी जरा बसून बघू? परत न्यायच्या आधी?"

पांग म्हणाला, "बसू द्या की, काका."

"नको," ग्वांगशिक म्हणाला. त्याला वाटलं, ती एकदा बसली तर ही गाडी आपल्याच्याने परत पाठवली जाणार नाही, आपण इथेच सगळ्यांसमोर रडू. "प्लास्टिक चुरगळलं तर उगाच वाद होतील. तू पुढच्या गाडीत बस."

"बरं," सुनदोक म्हणाली. "पुढच्या गाडीत."

पिशवी घेऊन ती लिफ्टकडे वळली. गाडी पुन्हा ट्रकवर चढली. दोरा गुंडाळलेला मासा सुनदोकने स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून ठेवला.

शेजारणींनी किमचीसाठी कोबी मिठात घातले, त्या आठवड्यात सुनदोक गेली. शेवटपर्यंत ती पित्ताबद्दलच बोलत होती आणि ग्वांगशिकही. तिखट खाऊ नको, हेच त्याचं तिच्याशी शेवटचं बोलणं.

मुखोहून तिची बहीण ओकसिम आली होती. सगळं उरकल्यावर लोक पांगले, तेव्हा ती ग्वांगशिकजवळ येऊन बसली. "दाजी, एक सांगू? ताईला सगळं माहीत होतं. उन्हाळ्यापासून."

ग्वांगशिक उठायला निघाला, पण तिने बाही धरून त्याला खाली बसवलं.

"मला म्हणायची, ते मला पित्त सांगतात, मी पित्त म्हणते. त्यांचा तेवढाच आधार आहे, तो कशाला काढून घेऊ? फक्त गाडी आली त्या दिवशी फोनवर रडली. म्हणाली, मी त्यांना मुद्दाम विचारलं, पोचा आलेली गाडी घेताय का म्हणून. वाटलं, एकदा तरी हो म्हणतील. हो म्हणाले असते तर आम्ही दोघं मोकळेपणी रडलो असतो, आणि मी तुझ्याकडे आले असते."

ग्वांगशिकच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. ओकसिमने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण तो काही केल्या थांबेना.

नवीन गाडी आली तेव्हा बर्फ पडून गेलं होतं. पांगने स्वतःच चालवत आणली आणि खिशातून बॅटरी काढून ग्वांगशिकपुढे धरली. "या खेपेला हवं तेवढं बघा, काका. एक रेघ सापडायची नाही."

ग्वांगशिकने बॅटरी घेतली नाही. गाडीकडे न बघताच सही केली. चारी चाकांवर दारू ओतली. तो मासा, सैल दोऱ्यासकट, डिकीत ठेवला. मग उजवीकडचं दार उघडून त्या सीटवरचं प्लास्टिक ओढून काढलं आणि स्वतःच तिथे बसला. हात मांडीवर ठेवून, समोर बघत.

पांग त्या दाराशी आला. मग वाकून म्हणाला, "काका, स्टिअरिंग त्या बाजूला आहे."

"माहीत आहे," ग्वांगशिक म्हणाला. "तिला एवढंच बघायचं होतं."