पातळ दुधाचं जिलेटो

कोल्हापुरात "मलई कमी घाला" असं सांगणाऱ्या माणसाला कोणी दारात उभं करणार नाही. मला हा सल्ला मोबाइलवरच्या एका व्हिडिओतल्या बाईनं दिला आणि मी तो तिथल्या तिथे मोडीत काढला. जिलेटो म्हणजे इटलीतलं आइस्क्रीम. त्यात दूध जास्त, मलई कमी आणि घुसळायचं संथ, असं ती परत परत सांगत होती. मी म्हटलं, बाई गं, तुझ्याकडे पाणचट दूध असेल. माझ्या दारात म्हैस आहे.

म्हैस माझी नव्हे, सासऱ्यांची. पूर्वी चार होत्या, आता एकच उरली होती आणि तीही ते विकायला निघाले होते. जोतिबाची यात्रा झाली की कोडोलीचे एक शेतकरी येऊन तिला बघणार होते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा उभा जन्म संध्याकाळी म्हैस घेऊन चौकातल्या कट्ट्यावर जायचे आणि गिऱ्हाइकासमोर थेट पेल्यात धार काढून द्यायचे. गेले दोन महिने मात्र त्यांनी कट्ट्याचं तोंड बघितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "आता कोण पितंय धारोष्ण? पोरं थंड बाटल्या तोंडाला लावत्यात."

नवऱ्याला हे लगेच पटलं. तो फौंड्रीत पाळीवर जातो, आणि त्या म्हशीनं त्याला एकदा लाथ घातल्यापासून त्या दोघांचं बोलणं नाही. मला पटलं नाही. सासूबाई गेल्यापासून मामा खरे जिवंत असतात ते गोठ्यात. घरात आले की खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहतात. म्हैस गेली तर पाठोपाठ हा माणूसही खचणार, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि त्याची मला भीती वाटत होती. मग मी ठरवलं, लोक दूध पीत नाहीत ना, तर त्यांना ते खायला घालू. कट्ट्यावर म्हशीशेजारी जिलेटोचं भांडं ठेवू, मग बघू पोरं कशी येत नाहीत. मी घरी केक करून विकते, त्यामुळे चॉकलेट हाताशी होतंच. आणि मी एकदा ठरवलं की घरात कोणी मध्ये पडत नाही.

राहिला प्रश्न वासाचा. पुदिना आणि गवती चहा काय, कोणीही घालतं. चैत्र नुकताच लागला होता आणि मामांनी जोतिबाच्या डोंगरावरून दवण्याच्या दोन जुड्या आणल्या होत्या. दवण्याचं पान हातावर चोळलं की गोड वास येतो आणि जिभेवर ठेवलं की ते कडू लागतं. काळ्या चॉकलेटची जातही तीच, तेव्हा यांचं जमणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"अगं, दवणा देवाला वाहत्यात," मामा म्हणाले. "दुधात घालत्यात व्हय?"

"तुळस पण देवालाच वाहतो. खोकला आला की काढ्यात घालतोच की, मामा."

"तुझ्या तोंडाला कोण लागंल," असं म्हणून ते गोठ्यात गेले.

पहिल्या खेपेला मी दूध आटवलं, वर फ्रीजमध्ये साठवलेली वाटीभर साय घातली, चॉकलेट विरघळवलं आणि गरम दुधातच दवणा टाकून झाकण ठेवलं. मग ते निववून, गाळून लाकडी बादलीच्या पॉटमध्ये भरलं, भोवती बर्फ आणि खडेमीठ घातलं आणि हँडल फिरवायला घेतलं. अर्ध्या तासानं झाकण काढलं तर आत चॉकलेटी लोण्याचे गोळे तरंगत होते. चव अशी कडू की जोतिबानंच कान धरला असावा. मामांनी बोटानं एक गोळा उचलला, निरखून बघितला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आता ह्येचं तूप कढवायचं काय?"

दुसऱ्या खेपेला मी साय वगळली आणि दवणा थंड दुधात घटकाभरच ठेवला. कडूपणा गेला, वास सुरेख उतरला, पण जिभेवर तुपाचा थर तसाच. दूध मात्र मी आटवलंच होतं. दूध न आटवता गोड पदार्थ होतो, हे आमच्या हाताला पटतच नाही. तेव्हा कुठे त्या व्हिडिओतल्या बाईचं म्हणणं माझ्या डोक्यात शिरलं. मी मामांना म्हटलं, "थोडं पातळ दूध मिळेल का?"

मामा भडकलेच. "पातळ? माझ्या म्हशीचं? असं कर, नळ सोड आन् घाल त्यात तांब्याभर पाणी! आजवर कुणाची छाती न्हाय झाली मला पातळ दूध मागायची."

पाणी घालण्याची माझीही छाती झाली नाही. म्हणून तिसऱ्या खेपेला मी सगळं दुसरीसारखंच केलं, आटवण्यासकट. आणि झाकण काढलं तर आत जिलेटो होतं. मऊ, घट्ट, चमच्याबरोबर ओढलं जाणारं. आधी चॉकलेट लागायचं, मग घशाशी दवणा. मी गल्लीभर वाट्या फिरवल्या. "हातगुण लागतो त्याला," असं मी निदान सात जणींना सांगितलं असेल. नवऱ्यानं दोन वाट्या खाल्ल्या. मामांनी एक चमचा खाल्ला आणि वाटी खाली ठेवली.

त्या संध्याकाळी उरलेलं दूध चहाला घेताना मी पातेल्यात बघितलं. रोज पोळीसारखी उचलता येणारी साय त्या दिवशी नुसती कागदाएवढी आली होती. माझा हातगुण नव्हता, दूधच पातळ होतं. आणि मामा पाणी घालणारे नव्हेत, हे मी कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिले. मामा धार काढत होते. चांगली सुरू झालेली धार हळूहळू बारीक झाली, मग अडखळली. त्यांनी उजवा हात मागे घेतला, काखेत दाबून धरला, मग बोटं उघडून मिटून बघितली. ती पुरती मिटत नव्हती. कास अर्धी भरलेली असतानाच ते उठले आणि त्यांनी रेडकू प्यायला सोडलं. म्हशीची पहिली धार पातळ असते, खरा कस शेवटच्या धारेत असतो. तो सगळा रेडकाच्या पोटात चालला होता.

मला बघून ते म्हणाले, "रेडकू जरा वाळलंया. म्हणून सोडलं."

रेडकू ढोलासारखं फुगलं होतं. कट्टा का सुटला हे मला तिथंच कळलं. हात दोन महिने कुरकुरत असणार, आता तो निम्म्यातच थांबायला लागला होता. पोरांच्या बाटल्यांचा त्यात काही संबंध नव्हता. चार लोकांसमोर पेला हातात घेऊन मध्येच थांबावं लागेल, याची लाज होती ती. मला फार वाईट वाटलं, आणि गल्लीभर मिरवून आल्याबद्दल स्वतःची चीडही आली. एरवी मी तोंडावर बोलून मोकळी होते, पण त्या पहाटे मी जीभ आवरली आणि चक्क खोटं बोलले. "मामा, जिलेटोला पहिली धार वेगळी काढावी लागते. रोज तुम्हाला कशाला त्रास? मलाच शिकवा."

त्यांनी बादली माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "बस."

माझं माहेर हुपरीचं. लहानपणापासून चांदीच्या पैंजणांचे घुंगरू ओवलेली ही बोटं, पण म्हशीच्या सडाला कधी लागली नव्हती. अंगठा आणि पहिलं बोट वर आवळायचं, मग बाकीची बोटं एकेक करून खाली दाबत न्यायची. सांगायला सोपं. म्हैस मला पान्हाच सोडायची नाही. मामा तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले की सोडायची, तेही उपकार केल्यासारखी. तीन आठवडे मी रोज पहाटे उठले. मनगटं सुजली, दोनदा बादली लवंडली. अर्ध्यापर्यंत मी पोचायचे, पुढे बोटं हार मानायची आणि मामा रेडकू सोडायचे. म्हैस ठेवायची की विकायची, याबद्दल ते चकार शब्द काढत नव्हते आणि विचारायचं धाडस मला होत नव्हतं.

यात्रा होऊन आठवडा उलटला आणि रविवारी पहाटे कोडोलीचे पाहुणे दारात हजर. म्हैस घेणारा माणूस आधी डोळ्यांसमोर धार काढायला लावतो, ही रीतच आहे. ते दात बघून, कास चाचपून झाल्यावर म्हणाले, "हं मामा, बसा की धारंला."

मामांनी बादली घेतली आणि बसले. चार-पाच धारा बादलीत वाजल्या आणि थांबल्या. पाहुणे वाट बघत होते. मामांनी परत बोटं आवळली, पण काही आलं नाही. मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पावणं, म्हस चांगली हाय. हात बाद झालाय माझा. आता सून बसती."

त्यांनी आजवर हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मी बसले. मामा म्हशीच्या मानेशी जाऊन उभे राहिले. मी अर्ध्यापर्यंत पोचले, बोटं जळायला लागली, तरी सोडलं नाही. बादलीतला फेस वर चढत गेला, धार बारीक आणि घट्ट झाली.

"म्हस पटली आपल्याला," पाहुणे म्हणाले. "बोला, कवा न्हेऊ?"

"न्हाय इकायची," मामा म्हणाले.

"आवो, मग मला कशाला बोलावलासा?"

"तवा इकायचीच हुती. मागनं सून शिकाय लागली. ही शेवटच्या धारंपतूर बसती का मधीच उठती, त्ये बघायचं हुतं."

मला वाटत होतं, तीन आठवडे मी त्यांना फसवतेय; ते तर सगळं ओळखून मलाच जोखत होते. माझं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलं आणि मला रडू फुटलं. हात थांबले.

"रडतीस काय," मामा तिकडून ओरडले, "धार तोडू नगो! म्हस पान्हा चोरंल."