आधी अंगण, मग गाडी

गजूभाऊ चौधरींना काही विकत घ्यायचं असलं की ते आधी विकणाऱ्याचं अंगण बघायला जात. वस्तू नंतर. बैल असो, जुना पंप असो, नाहीतर विहिरीवरची चार फळकुटं असोत, त्यांची पद्धत एकच. गृहस्थाशी दोन शब्द हवापाण्याचे बोलायचे आणि तो चहा सांगायला आत वळला की घराला वळसा घालून मागच्या दारी जायचं. त्यांच्या मुलासाठी, विलाससाठी, स्थळ बघायला गेले असता मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, तेव्हा होणारे सासरे मागे उभे राहून अळूला पाणी कुठून येतं ते बघत होते. "पुढचं दार पाहुण्यासाठी असतं," ते म्हणत, "मागचं दार स्वतःसाठी. खरा माणूस मागच्या दारी सापडतो." मुलगी त्यांनी पसंत केली आणि ती चांगली निघाली, त्यामुळे या शास्त्रावरचा त्यांचा विश्वास आणखी वाढला.

बँकेच्या नोकरीमुळे मी बोळिंजला आलो आणि त्यांच्या वाडीच्या कडेला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलो. खोल्या देण्याआधी ते माझ्या जुन्या बिऱ्हाडी जाऊन आले होते, हे मला बऱ्याच काळाने कळलं. तिथे मी एक तुळस वाळवून ठेवली होती. "बँकेतला माणूस, वेळ नसंल," असं म्हणून त्यांनी ती माफ केली. पण मला झाडाला पाणी घालायला मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

गाडी घ्यायचा विचार त्यांच्या डोक्यात आला तो हौसेने नव्हे. त्यांच्या पत्नीला, मथुरावहिनींना, बंद वाहनात बसवत नसे. एस.टी.त पाय ठेवला की मळमळायला लागे आणि डोक्यावर छप्पर आलं की जीव घाबरा होई. माहेरी, उमेळ्याला, त्या जात त्या टांग्याने. टांगेवाला त्यांच्यासाठी टप खाली पाडायचा आणि वहिनी पुढे त्याच्या शेजारी बसायच्या. पण रिक्षा आल्या आणि टांगेवाल्यांनी एकेक करून घोडे विकले. वहिनी एकदा रिक्षात बसल्या आणि पहिल्या वळणावर उतरून चालत घरी आल्या. एवढ्या लांब चालण्याजोगे गुडघे आता उरले नव्हते. उमेळ्याला त्यांची आई होती, खाटेला खिळलेली, आणि "मथुरा कधी येते" हा एकच प्रश्न येणाऱ्याजाणाऱ्याला विचारणारी.

गजूभाऊंकडे भाजीचा टेंपो होता. मागच्या हौद्यात खुर्ची टाकून नेतो, असं त्यांनी सुचवून पाहिलं.

"मी काय भोपळा हाय?" वहिनी म्हणाल्या. तो विषय तिथेच मिटला.

विलासने नव्या छोट्या गाडीसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. तेव्हा ती गाडी नुकती रस्त्यावर येऊ लागली होती. हलकी, चपळ, पाय दाबला की भुर्रकन सुटणारी. सगळा तालुका तिच्यासाठी रांगेत उभा असावा असं वाटे. त्याचा नंबर लागला त्याच सुमारास माणिकपूरच्या एका निवृत्त जहाज-इंजिनिअरने, इनासभाऊंनी, आपली गाडी विकायला काढली. लाल, दोन दारांची आणि टप मागे दुमडता येणारी. अशी गाडी आमच्या भागात दुसरी नव्हती. विलास म्हणाला, नवीच घ्यायची. जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं. आणि काचा खाली केल्या की आईला पुरेशी हवा लागेल. वहिनी म्हणाल्या, "हवेचं नाय रे, आभाळाचं हाय." विलासला ते पटलं नाही. गजूभाऊंनी दोन्ही गाड्या बघायचं ठरवलं आणि व्याजाचं गणित करायला बरा म्हणून मला बरोबर घेतलं.

मुंबईच्या शोरूममध्ये नवी गाडी चकचकीत फरशीवर उभी होती. टाय घातलेला मुलगा तिच्याबद्दल उत्तम बोलत होता. गजूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिचा मालक कोण?"

"काका, नवी गाडी आहे. मालक तुम्हीच होणार."

"मग मी बघू काय? माझंच अंगण?"

मुलगा हसला. विलास लाजून काचेबाहेरची रहदारी बघू लागला. गजूभाऊ मात्र गंभीर होते. परत येताना मला म्हणाले, "गाडी चांगलीच असंल. पण तिच्याबद्दल विचारायचं कुणाला?"

माणिकपूरला मात्र विचारायला मालक होता. इनासभाऊ उंच, कमी बोलणारे. आम्ही व्हरांड्यात बसलो. ते पाणी आणायला आत गेले तसे गजूभाऊ उठले. मी मागोमाग गेलो. मागच्या दारी राजेळी केळीचं बेट होतं. पानं वाळून अंगाला चिकटलेली, बुंध्याशी गवत माजलेलं, आणि एक भरलेला घड टेकूविना झाडासकट जमिनीकडे झुकलेला. गजूभाऊ तिथे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी पाणी घेतलं, आभार मानले आणि गाडी न बघताच निघाले.

"ज्यानं भरल्या घडाला टेकू दिला नाय, त्यानं इंजिनाला काय दिलं असंल?" वाटेत ते एवढंच म्हणाले. माझ्या मते इंजिनाला तेल लागतं, टेकू नव्हे. पण मी भाडेकरू होतो.

विलास खूश झाला. दुसऱ्या दिवशी पैसे भरायचं ठरलं. संध्याकाळी गजूभाऊ ओट्यावर बसून वहिनींना सगळी हकिगत सांगत होते आणि वहिनी वाल सोलत होत्या. नवी गाडी येणार म्हणजे उमेळं संपलं, हे त्यांना कळलं होतं. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. हातातली शेंग तशीच धरून त्यांनी विचारलं, "घरात बाई होती?"

"दिसली नाय."

"पाणी कुणी आणलं?"

"त्यांनीच."

"मग तुम्ही कुणाचं अंगण बघून आलात?"

आयुष्यभर गजूभाऊ पुरुषांशी व्यवहार करत आले आणि अंगणं बघत आले. त्यांतली निम्मीअधिक अंगणं त्या पुरुषांची नव्हतीच, हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. मलाही तोवर कुठे आलं होतं म्हणा. वहिनींनी शेंग सोलली आणि दुसरी हातात घेतली.

सकाळी ते टेंपोत दोन बांबू आणि कोयता टाकून माणिकपूरला निघाले. बँकेला सुट्टी होती म्हणून मी गेलो. इनासभाऊंनी दार उघडलं आणि कोयता बघून ते क्षणभर थबकले.

"गाडी बघायला आलात?"

"आधी केळ," गजूभाऊ म्हणाले.

त्यांनी दोन बांबूंची कैची करून घडाखाली टेकू लावला, वाळकी पानं उतरवली आणि गवत काढलं. इनासभाऊ मागच्या पायरीवर उभे राहून बघत होते. शेवटी आपणहून बोलले, "बाग रोझीची. मी बोटीवर, ती बागेत. नाताळाच्या आधी गेली. हे दार मी उघडीतच नाय." मग गॅरेजकडे वळत म्हणाले, "गाडी माझी. ती बघा."

गॅरेजमध्ये नट-बोल्टांचे पाने मापाप्रमाणे खिळ्यांना टांगलेले होते. गाडीवर धुतलेली चादर होती. चादर काढून त्यांनी टप मागे पाडला, तो कुरकुर न करता दुमडला. मालक कुठे सापडतो याचं उत्तर त्या घरात मागच्या दारी नव्हतं, गॅरेजात होतं. गजूभाऊंनी ते मान्य केलं, पण शब्दांत नाही. कान पकडून ते एकदा त्या केळीकडे वळले, एवढंच मी पाहिलं.

व्यवहार झाल्यावर इनासभाऊंनी किल्ली दिली. गजूभाऊंनी तिची कडी सोडवली आणि कडी त्यांच्या हातात परत ठेवली. "गाय विकली तरी दावं द्यायचं नसतं. लक्ष्मी तुमच्याकडं राहू दे." इनासभाऊंना ही रीत माहीत असावी. त्यांनी कडी खिशात टाकली आणि खिशावर हात तसाच ठेवून ते फाटकापर्यंत आले. नुसती किल्ली गजूभाऊंनी केळीच्या सोपाच्या, खोडावरच्या वाळक्या सालीच्या, दोरीत ओवली.

पुढच्याच रविवारी वहिनी डोक्याला पदर घट्ट बांधून पुढच्या सीटवर बसल्या आणि उमेळ्याला पोचल्या. त्यांना मळमळलं नाही. आईला दिसत कमी होतं. पोरांनी तिला उचलून अंगणात आणलं, तेव्हा तिने गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर हात फिरवला आणि विचारलं, "घोडं कुठाय?" वहिनी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. त्यानंतर म्हातारी गेली तोवर त्या वरचेवर जात राहिल्या, आणि शेवटच्या दिवशीही आईजवळच होत्या.

विलासला हे आवडलं नाही. नव्या गाडीचा त्याचा नंबर दुसऱ्याला गेला आणि मित्र चिडवू लागले. त्या गाडीला तो 'आईचा टांगा' म्हणे. काम असलं तर चालवी, पण टप वर ओढून. चार लोकांत त्याला लाज वाटे.

काही वर्षांनी गजूभाऊंना छातीचा त्रास सुरू झाला. एका सकाळी डॉक्टरांनी ताबडतोब वसईला हलवायला सांगितलं. रुग्णवाहिका मागवायची का, असं मी विचारलं. वहिनींनी फक्त गजूभाऊंचा हात धरला. बंद गाडीत त्या बसू शकणार नव्हत्या. विलासने दोघांकडे बघितलं, आत जाऊन किल्ली आणली आणि कुणी न सांगता टप खाली पाडला. मग वडिलांना उचलून पुढे बसवलं. वहिनी आणि मी मागे बसलो. त्यांचा एक हात पूर्ण वाटभर गजूभाऊंच्या खांद्यावर होता.

गजूभाऊ मान एका बाजूला टेकवून जाणारी अंगणं बघत होते. वाटेत एका कुंपणापलीकडे केळीचा घड वाकलेला होता. ते हळू म्हणाले, "टेकू दिला नाय त्यानं." आणि थोड्या वेळाने, "बाई नसंल घरात."

ते परत आले नाहीत. दुपारी आम्ही तिघं त्याच रस्त्याने घरी निघालो. टप तसाच खाली होता, आणि पुढची जागा वहिनींनी मोकळी ठेवली होती. त्या कुंपणापाशी विलासने गाडी थांबवली. तो उतरला आणि अनोळखी घराच्या दारात उभा राहून त्याने विचारलं, "एक बांबू मिळेल का?"