चार नंबरच्या पेटीसमोरची काच

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली आणि तिला काचेच्या उबदार पेटीत ठेवलं. गोंदियाच्या त्या दवाखान्यात आईला आत सोडत नसत. व्हरांड्यातल्या मोठ्या काचेतून बघायचं. नेमकं चार नंबरच्या पेटीसमोर, काचेवर जुन्या सूचनांच्या चिकटपट्ट्यांचा पिवळा थर वाळून दगड झाला होता. मुलीचे पाय दिसत, छाती दिसत नसे. ती श्वास घेते आहे की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पदराची पिन काढून थर खरवडू लागले. मागून कुणीतरी मनगट धरलं.

“काऊन काचेचा जीव घेऊन राहिली, बाई?”

शामकलाबाई. गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या. अकरा वर्षं कंत्राटावर तोच व्हरांडा झाडत, पुसत होत्या. त्यांनी खोबरेल तेलात कापूस भिजवून थरावर दाबला, वरून प्लास्टिक चिकटवलं.

“आता अर्धा तास हात नोको लावू.”

“तोवर तिला काही झालं तर?”

“घाई केली का गम पसरते. कोरडा खरवडला का चरा पडते. तो पाह.”

दोन नंबरच्या पेटीसमोर वीतभर चरा होता.

“ब्लेडनं मीच पाडला. आत माझी नात होती. माझी पोरगी अल्का विचारे, माय, श्वास चालू हाये ना? मी वाकून पाहिलं. चऱ्यावर उजेड हालत होता, मले वाटलं छातीच हालून राहिली. हो म्हणलं. अल्का जेवाले गेली.” त्यांनी प्लास्टिकची सुटलेली कड दाबली. “आत श्वास केव्हाचाच थांबला होता.”

अर्ध्या तासाने त्यांनी जुन्या एटीएम कार्डाची कड तिरपी धरून हलकेच सरकवली. थर सायीसारखा गोळा होत आला. उरलेला चिकटपणा स्पिरिटच्या बोळ्याने गेला.

“श्वास चालू आहे ना?” मी विचारलं.

त्या काचेकडे पाठ करून उभ्या राहिल्या. “तूच पाह. मी कोणालेच सांगत नाही.”

मी पाहिलं. चिमणीएवढी छाती वरखाली होत होती.

मुलगी आणखी नऊ दिवस जगली. रोज सकाळी शामकलाबाई आधी ती काच मऊ फडक्याने पुसत आणि पाठ फिरवत. दहाव्या सकाळी मी म्हटलं, “मला कळत नाहीये. तुम्ही बघा ना.”

त्यांनी पाहिलं नाही. धावत जाऊन सिस्टरला आणलं. सिस्टरने मला आत घेतलं. मी बाहेर आले तेव्हा त्या माझ्या चपलांशेजारी जमिनीवर बसून होत्या.